बाळंतपणाची तयारी : घरच्यांची आणि मंडळीची

(महिला संघाच्या सभेत एका परिचारिका भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेठ, सुरगाणा आणि हरसूल भागातल्या पाड्यांसाठी आपण दरवर्षी टोपरी, झबली, दुपटी जमा करता. ती मी घरोघरी पोचवते. बाळ त्या दुपट्यापर्यंत सुखरूप यावे म्हणून शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत काय करावे लागते, ते आज सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा आणि त्यात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. पाड्यावर तारीख विचारली तर उत्तर मिळत नाही. सण विचारला की लगेच मिळते. "दिवाळीच्या चार दिवस आधी आली होती, मग नाही." म्हणजे बाळंतपण श्रावणाच्या सुमारास. तेव्हा आवणी नुकतीच उरकलेली असते, ओढे भरलेले असतात. काही पाड्यांवरून बाईला झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते. तारीख माघात असेल तर अडचण वेगळी. तेव्हा घरची माणसे दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामावर असतात आणि तपासणीचे कार्ड गावी पेटीत राहते. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, बाई, कामाला जाशील तिथे कार्ड बरोबर ने आणि तिथल्या आशाताईला दाखव.

बाळंतपणात माता का दगावतात, याचा विचार करून थॅडियस आणि मेन या दोन संशोधक बायांनी 1994 साली तीन उशीर सांगितले. निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. शेवटचे दोन रस्त्याच्या आणि सरकारच्या हातात आहेत. पहिला मात्र घरातच होतो. कळा सुरू झाल्यावर सासरे शेतात, नवरा बाजारात, आणि सासूबाई म्हणतात, थांब, ते आल्यावर बघू. म्हणून आठवा महिना सरताना मी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवते. कुठल्या दवाखान्यात जायचे? गाडी कोणाची, आणि ती नाही मिळाली तर दुसरी कोणाची? बरोबर कोण जाणार? घरची मुले कोण सांभाळणार? रक्त लागले तर कोण देणार? उत्तरे त्याच दिवशी ठरवायची. घरात कोणी नसले तरी निघायचे, हेही सासूबाईंच्या तोंडून वदवून घ्यायचे.

सरकारची मदत आहे आणि ती मागून घ्यावी. 2005 पासून जननी सुरक्षा योजना आहे. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. त्यासाठी 102 किंवा 108 नंबर फिरवायचा. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरही आहे. तारखेच्या काही दिवस आधीच बाईने तिथे येऊन राहायचे.

पण एका बाईने मला विचारले, "सिस्टर, मला तिथं जेवाय मिळंल. माझ्या दोन पोरांचं काय? शेळ्या कोण चारंल?" तिचा प्रश्न बरोबर होता. मोठ्या जावेने पोरे घेतली, शेजारच्या विश्वासी कुटुंबाने शेळ्या घेतल्या, मग ती निघाली. नवव्या दिवशी रात्री तिला कळा सुरू झाल्या. त्या रात्री पाड्याखालच्या ओढ्याला पूर होता. ती ओढ्याच्या अलीकडे होती, एवढाच फरक.

काही लक्षणे दिसली तर तारखेची वाट पाहायची नाही. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर-हातांवर सूज, झटके, ताप, किंवा बाळाची हालचाल कमी होणे. लगेच निघायचे. पिशवी आधीच भरून खुंटीला टांगलेली हवी. तिच्यात कार्ड, आधार, बँकेचे पुस्तक, धुऊन उन्हात वाळवलेली जुनी लुगडी, बाळाचे टोपरे, बॅटरी आणि थोडे पैसे. सुईण आजीला वगळू नका. तिच्यावर बाईचा भरवसा असतो. तिला सोबत आणा, पाठ चोळायला, धीर द्यायला. बाळाला तासाभरात चिकाचे दूध पाजा, आणि नाळेला काहीही लावू नका, हे तिने सांगितले की घरचे ऐकतात.

आता आपले काम. लूकच्या शुभवर्तमानात अलीशिबेला सहावा महिना असताना मरीया डोंगराळ प्रदेशात तिच्या घरी आली आणि सुमारे तीन महिने राहिली. बायांनो, हिशोब करा. ते दिवस नेमके शेवटचे होते. मरीयेने तिथे काय केले ते लिहिलेले नाही. पण पोटुशी बाईच्या घरी तीन महिने राहणारी मुलगी पाणी भरत नसेल का?

आपल्या दुपट्यांसाठी मी आभारी आहे. ती येऊ द्या. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी मागते. माहेरघरात सोबत राहणाऱ्या आजीच्या आणि लहान मुलांच्या शिध्यासाठी वेगळा निधी ठेवा. मंडळीतल्या तरुणांची नावे रक्तगटासह लिहून द्या. पाड्यावरून नाशिकला पाठवलेल्या बाईला रक्त लागते तेव्हा इथे तिचे कोणी नसते. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी आपला नंबर द्यावा. रात्री फोन आला तर उचलावा.

शिध्याची आणि रक्तगटाची वही दाराशी ठेवली आहे. जाताना नाव लिहून जावे, ही विनंती. प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.