सरफोजी : एका नावाचा दक्षिणेकडचा प्रवास



शहाजी, संभाजी, शिवाजी ही भोसले घराण्यातली नावं आजही मराठी घरांत ठेवली जातात. त्याच घराण्यातलं एक नाव मात्र आता क्वचितच कानावर पडतं. ते नाव म्हणजे सरफोजी. इतिहासात हे नाव धारण करणारी तीन माणसं ठळकपणे दिसतात. त्या तिघांबद्दल चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसांशी बोलावं, असं फार दिवस मनात होतं.

नावाची सुरुवात होते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. मालोजीराजे भोसले यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी उमाबाईंनी तिथल्या शाह शरीफ या पीराला नवस केला. पुढे दोन मुलगे झाले, एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी, म्हणजेच आपलं सरफोजी. ही हकीकत कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त आहे, आणि ते संस्कृत काव्य खुद्द शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेलं. आजीचा नवस नातवाच्या चरित्रग्रंथात मोकळेपणानं नोंदला गेला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

हे शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत कामी आले. लढाईत मलिक अंबरचा जय झाला, शहाजीराजांचं नाव झालं, पण त्यांचा पाठचा भाऊ गेला.

शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात आपली गादी स्थापली. त्यांनी थोरल्या मुलाचं नाव शहाजी ठेवलं आणि त्याच्या पाठच्याचं सरफोजी. व्यंकोजींचे वडील आणि काका, भातवडीला ताटातूट झालेली ती भावांची जोडी नावांच्या रूपानं कावेरीकाठी पुन्हा एका घरात नांदू लागली. हे पहिले सरफोजी राजे. त्यांनी १७१२ पासून १७२८ पर्यंत राज्य केलं.

तिसरे सरफोजी म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी राजे. जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं आणि लगेच राजे वारले. गादी काका अमरसिंहांकडे गेली. पोरक्या मुलाचा जीव आणि शिक्षण दोन्ही सांभाळायला श्वार्ट्झ नावाचे जर्मन मिशनरी पुढे आले आणि मुलाला मद्रासला आणलं गेलं. म्हणजे आपल्या या शहरानं एका मराठी राजपुत्राला अडचणीच्या काळात आसरा दिला आहे. १७९८ मध्ये ते गादीवर बसले. पण पुढच्याच वर्षी कंपनी सरकारनं तह करून राज्यकारभार काढून घेतला. हाती उरला तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख.

दुसरा एखादा कुढत बसला असता. या राजानं विद्येचा संसार मांडला. सरस्वती महाल ग्रंथालयात युरोपातून पुस्तकं मागवली. त्या पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आजही पाहायला मिळते. धन्वंतरी महालात वैद्यकीचे प्रयोग चालत. तिथं उपचार घेतलेल्या नेत्ररुग्णांची टिपणं राहिली आहेत, आणि त्यांच्यासोबत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं. डोळ्याचा कुठला भाग कसा बिघडला आहे, हे चित्रकाराकडून नेमकं काढून घेतलेलं. मुलांना जगाचा भूगोल कळावा म्हणून राजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाट्य मराठीत लिहिलं. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार, विषय पृथ्वीवरचे देश आणि भाषा आपली! १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर त्यांनी भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरून घेतलं. चोळांच्या मंदिरात ओळीमागून ओळ मराठी वाचताना ऊर भरून येतो.

आता या नावाचं तमिळ मुलखात काय झालं, ते ऐका. तमिळ लिपीत ‘फ’ला वेगळं अक्षर नाही. सरफोजीचं झालं सरबोजी, आणि पंडित-कवींनी त्याचं केलं शरभेंद्र. शरभ म्हणजे नरसिंहाचा कोप शमवणारं शंकराचं रूप. कुंभकोणमजवळ त्रिभुवनम् इथं, चोळकालीन मंदिरात, त्याची मोठ्या श्रद्धेनं पूजा होते. अशा रीतीनं पीराच्या नवसाचं नाव शिवाच्या रूपाशी जाऊन मिळालं. राजांवर तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली गेली, आणि समुद्रकाठी जिथं त्यांनी मनोरा बांधला, त्या गावाला शरभेंद्रराजपट्टिनम् म्हणतात.

आपल्यापैकी अनेक जण संगणक कंपन्यांच्या कामासाठी शोळिंगनल्लूरला राहतात. तिथलं प्रत्यंगिरा देवीचं मंदिर तुम्ही पाहिलं असेल. शरभाच्या दोन पंखांत दोन देवींचा वास असतो असं मानतात, एक शूलिनी आणि दुसरी हीच प्रत्यंगिरा. म्हणून त्या मंदिरात मुलांना घेऊन जाल, तेव्हा त्यांना सरफोजी राजांची गोष्ट जरूर सांगा.

परमुलखात वाढणाऱ्या मुलांचं मराठीपण टिकेल का, ही काळजी मला घरोघरी ऐकू येते. तंजावरच्या या घराण्याकडे पाहिलं की माझी काळजी कमी होते. त्यांनी पीराचे उपकार नावात जपले, मिशनरी गुरूचं ऋण मानलं, तमिळ कवींनी दिलेलं नवं रूप आनंदानं घेतलं, आणि तरीही भिंतीवर कोरलं ते मराठीच. पुष्कळ घेऊनही आपलं काही सोडावं लागत नाही, हे त्यांनी करून दाखवलं आहे. म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या सुट्टीत मुलांना तंजावरला न्या, त्या भिंतीपुढे उभं करा आणि पहिली ओळ त्यांनाच वाचू द्या.