पीटरची टोपी, पॉलचं डोकं

इंग्रजीत चौदाव्या शतकापासून एक म्हण चालत आली आहे, 'रॉबिंग पीटर टू पे पॉल'. पीटरला लुटायचं आणि पॉलचं देणं भागवायचं. हे दोघे ख्रिस्ती संत. त्यांचा सणही एकाच दिवशी, २९ जूनला. आपण म्हणतो, याची टोपी त्याच्या डोक्यावर. पण आपल्या टोपीला लबाडीचा वास येतो. इंग्रजी म्हण नाइलाजाच्या ओढाताणीलाही चालते. पोराच्या फीसाठी ठेवलेल्या पैशातून लाइटबिल भरलं, तरी इंग्रज हेच म्हणेल.

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईंचं उदाहरण घ्या. सोमवारी कर्ज देणाऱ्या एका गटाचा हप्ता. तो भरायला दुसऱ्या गटातून कर्ज. त्याचा हप्ता गुरुवारी, म्हणून शेजारणीकडून हातउसने. लुटलं कुणालाच नाही. उलट सगळे हप्ते वेळेवर जातात, म्हणून तर घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

पण एक कर्ज काढून दुसरं फेडलं, की लगेच ही म्हण लावू नका. आधी टक्के बघा. सावकाराचे 'पाच टक्के' महिन्याचे असतात, बँकेचे 'बारा टक्के' वर्षाचे. दहा हजारांवर सावकाराला वर्षाकाठी सहा हजार, बँकेला बाराशे. आणि कानाला पाचच कमी वाटतात! बँकेत दागिना ठेवून सावकाराचं खातं मिटवलं, तर ती टोपी फिरवणं नव्हे. फक्त त्याच्याकडची सही केलेली चिठ्ठी परत घ्यायला विसरू नका.

कारण चिठ्ठीनं आपल्याकडे फार घरं बुडवली. जुनं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवा रोखा लिहून घ्यायचा. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी असे रोखे जाळले. मग १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला; पुणे, सातारा, नगरबरोबर तो सोलापूरलाही लागू झाला. रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून न्यायाधीशाला मूळ हिशेब उकरता येऊ लागला.

आज २०१४ चा सावकारी कायदा आहे. सावकाराला परवाना लागतो, चक्रवाढ व्याज चालत नाही, एकूण व्याज मुद्दलाच्या वर जात नाही. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात करा. जाताना वही न्या, तारीखवार लिहिलेली. पीटरचं एक पान, पॉलचं दुसरं.