नाण्याची पारख : बट्टा कशाला, मोल कशाला?

(कळंबा, कोल्हापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आपल्या मराठीत माणसाची पारखसुद्धा नाण्याच्या भाषेत होते. सचोटीच्या माणसाला आपण 'खणखणीत नाणे' म्हणतो. कुणाचे वर्तन घसरले, की घराण्याच्या 'नावाला बट्टा लागला' असे म्हणतो. हा बट्टा म्हणजे झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्यावर सराफ कापून घेत असे ती कसर. पोतदार हे आडनावही नाण्यांची पारख करून खजिन्यात भरणा घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदावरून आले. ज्या समाजाच्या बोलीत आणि आडनावांत नाणेपारख इतकी मुरलेली आहे, त्याच समाजाला आज देवघरातल्या ताम्हनात पडलेले नाणे ओळखता येत नाही. 'जुने आहे' एवढेच आपण जाणतो. ते कोणत्या अवस्थेत आहे आणि त्या अवस्थेचा अर्थ काय, हे वाचण्याची नजर पुन्हा कमावता येते. आजचा विषय तोच आहे.

ब्रह्मपुरीने दिलेला धडा

आपण कळंब्यात बसलो आहोत. येथून शहर ओलांडून पंचगंगेच्या काठी गेले, की ब्रह्मपुरीची टेकडी लागते. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. सातवाहनकालीन कोल्हापूर किती समृद्ध होते, रोमपर्यंत त्याचा व्यापार कसा पोहोचला होता, याची साक्ष या टेकडीने दिली. तेथे सापडलेली समुद्रदेवता पोसायडनची कांस्यमूर्ती आपल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

याच कोल्हापूर परिसरात कुर राजांची नाणी सापडली. ती शिशाची आणि मिश्रधातूची असून त्यांवर एका बाजूला धनुष्यबाण आणि दुसऱ्या बाजूला कमानींचा पर्वत आहे. राजे तीन : वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गोतमीपुत्र विळिवायकुर. यांपैकी आधी कोण आणि नंतर कोण, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. उत्तर मिळाले ते नाण्यांतूनच. सिवलकुराने वासिष्ठीपुत्राच्या नाण्यांवर आपला ठसा पुन्हा मारला होता, आणि गोतमीपुत्राने त्या दोघांच्याही. एका ठशाखालून डोकावणाऱ्या दुसऱ्या ठशाने राजांचा क्रम लावून दिला. केवळ देखणेपण पाहणारा संग्राहक असे नाणे 'खराब' म्हणून बाजूला टाकेल. इतिहासकार मात्र तेच आधी उचलेल.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे उमटवलेली होती. परकीय क्षत्रपाच्या मुखवट्यावर बसलेला सातवाहनांचा ठसा म्हणजे विजयाची धातूतील नोंदच होय. ही नाणी कोणी 'विद्रूप' म्हणून सराफाच्या मुशीत वितळवली असती, तर आपल्या इतिहासातले केवढे पान पुसले गेले असते, याचा विचार करावा.

झीज वेगळी, ठसा वेगळा

म्हणून पारखीचा पहिला नियम असा, की नाण्यावर जे दिसत नाही ते झिजून गेले आहे की मुळात उमटलेच नव्हते, हे आधी ठरवावे.

शिवछत्रपतींची शिवराई घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. त्या काळी तांब्याची चकती ठशावर ठेवून वरून हातोड्याचा घाव घालीत. ठसा मोठा आणि चकती लहान, घावही कधी तिरपा. म्हणून पुष्कळ शिवरायांवर अक्षरे अर्धीच येतात. हा दोष वापराचा नसून घडणीचा आहे. अशा नाण्याकडे पाहताना दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : लेखाचा किती भाग चकतीवर आला आहे? आणि जो आला आहे, तो किती ठसठशीत उरला आहे? काठाशी कापले गेलेले अक्षर उंच आणि धारदार असेल, तर नाणे फारसे फिरलेले नाही. संपूर्ण लेख आहे पण अक्षरे साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली असतील, तर ते पुष्कळ हातांतून गेले आहे. लक्षात ठेवावे, की शिवराई महाराजांच्या पश्चातही दीर्घकाळ पाडली जात होती. दोन आडव्या रेघांची 'दुदांडी' शिवराई पेशवेकालातली. त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली मानणे भाबडेपणाचे ठरेल.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना निराळा न्याय लावावा लागतो. आपल्या घरांत सर्वाधिक आढळतो तो ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया. १८३५ पासून त्याचे प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी बारा भागांत अकरा. अशा नाण्यात सर्वांत उंच भाग आधी झिजतो. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर मुकुट, कानावरचे केस आणि पेहरावावरील वेलबुट्टी पाहावी. वेलबुट्टी रेषान् रेषा मोजता आली तर नाणे उत्तम; नुसता आकार उरला तर मध्यम; चेहऱ्याची बाह्यरेषाच राहिली तर सामान्य. व्यापारी याच पायऱ्यांना 'फाईन', 'व्हेरी फाईन', 'एक्स्ट्रिमली फाईन' आणि न वापरलेल्याला 'अनसर्क्युलेटेड' म्हणतात. अमेरिकेत १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी १ ते ७० अशी गुणपद्धत मांडली, ती आज जगभर चालते. मात्र ती मुळात यंत्राने पाडलेल्या नाण्यांसाठी आखली गेली. हातघडणीच्या शिवराईला ती जशीच्या तशी लावणे म्हणजे हाताने थापलेली भाकरी कंपासने मोजण्यासारखे आहे.

जुनेपण आणि दुर्मीळता यांचीही गल्लत होऊ देऊ नये. १८६२ हे साल असलेला रुपया घरोघरी सापडतो. कारण तेच साल कायम ठेवून १८७४ पर्यंत नाणी पाडली गेली. उलट १९३९ चा रुपया वयाने कितीतरी लहान, पण मिळणे कठीण. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो.

चकाकीचा मोह

आता थोडे आपल्या देवघराविषयी. धनत्रयोदशीला, लक्ष्मीपूजनाला आपण घरातले रुपये काढतो, चिंच लावतो, राखेने किंवा भांडी घासण्याच्या पावडरीने लख्ख करतो. त्यामागील श्रद्धा वंदनीय आहे. पण प्रत्येक घासण्याबरोबर नाण्याचा पृष्ठभाग सूक्ष्म कणाने उतरतो, आणि काही पिढ्यांत राणीचा चेहरा आणि सालाचे आकडे दोन्ही सपाट होतात. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर जी झळाळी असते, ती नाणे तिरपे धरून फिरवले की उजेडाच्या पट्ट्यासारखी फिरते. घासलेल्या नाण्याची चकाकी सगळीकडे सारखी, निर्जीव असते आणि भिंगाखाली तिच्यावर बारीक ओरखडे दिसतात. जाणकार अशा नाण्याला लगेच बट्टा लावतो.

तांब्यावर शतकानुशतके चढलेला तपकिरी वा गर्द हिरवा, घट्ट थर हे नाण्याचे कवच आहे. ते काढू नये. फिकट हिरवी भुकटी मात्र रोग समजावी. ती पसरते आणि नाणे पोखरते. असे नाणे वेगळे, कोरड्या जागी ठेवून संग्रहालयातील जाणत्याला दाखवावे. अभिषेकासाठी आजच्या चांदीचे एखादे नाणे ठेवावे आणि पूर्वजांची नाणी आम्लविरहित कागदाच्या पाकिटात जपावीत. साध्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांनी नाण्यावर हिरवट चिकटा चढतो. नाणे हाताळताना नेहमी कडेने धरावे. पूर्वी ते वाजवून घेत; आज ते करू नये, कडेला पोचा येतो. वजनकाटा तेच काम अधिक बिनचूक करतो.

खोट्याचा बाजार

महाराजांचा सुवर्णहोन आज अत्यंत दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. खऱ्या होनाचे वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा असतात. आणखी एक खूण विसरू नये : हाताने पाडलेली दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात. दोन होनांवर तीच चीर आणि तोच टवका त्याच ठिकाणी दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून आले आहेत.

जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. आपल्या नावाने असे व्यवहार करणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर इशारा दिला होता. कायदाही माहीत असावा. शेतात, पायाखोदाईत साठा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

महाराजांची कसोटी

१६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील रायगडावर आला. कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, असे एक कलम त्याने मांडले होते. महाराजांच्या उत्तराचा आशय असा : कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती आम्ही करणार नाही, तुमचे नाणे कसात आणि वजनात इतरांच्या तोडीचे असेल तर खुशाल चालेल. समोरच्याच्या दबदब्याने न भारावता कस आणि वजन पाहणे, हीच पारख.

आपणा सर्वांना एक विनंती आहे. येत्या लक्ष्मीपूजनाला घरातली नाणी काढाल, तेव्हा ती घासण्याऐवजी एक वही घ्या. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, त्यावरील लेख आणि साल, झीज कुठे आहे आणि ते घरात कुणाकडून आले, हे लिहा. दोन्ही बाजूंचे छायाचित्र जोडा. हे काम घरातल्या मुलांकडून करून घ्या आणि शेजारी आजी-आजोबांना बसवा. 'हे पणजीच्या पदराला बांधलेले होते' हे सांगणारे माणूस आज घरात आहे. उद्या नाणे असेल, पण ते सांगणारे नसेल. नंतर मुलांना घेऊन एकदा टाऊन हॉल संग्रहालयात जा. आपल्या वहीतील नोंद आणि तेथील काचेआडचा इतिहास एकाच भूमीचा आहे, हे त्यांना कुणी वेगळे सांगावे लागणार नाही.