पाण्यातला मनोरा



युरोपातली गाडीची सफर सांग, असा आयोजकांचा आग्रह आहे. गाडी माझी नाही, आपल्याच वर्गातल्या एकीची. नाव घ्यायचं नाही असं तिनं बजावलंय. म्युनिकमध्ये इतकी वर्षं राहून तिनं यंदा पहिल्यांदा नवी कोरी गाडी घेतली, विजेवरची. मला म्हणाली, चल. ऑस्ट्रिया ओलांडून इटलीत उतरायचं ठरलं. घाट उतरताना बॅटरी थोडी परत भरते. दर वळणाला ती मला तो आकडा मोठ्यानं वाचायला लावायची.

रेशेन खिंड ओलांडली आणि तळ्यात मनोरा दिसला. चौदाव्या शतकातल्या चर्चचा, नुसता मनोरा. 1950 मध्ये वीज प्रकल्पाच्या धरणात ग्राउन गाव बुडालं. घरं पाडली, मनोरा तेवढा ठेवला. लोक सेल्फी काढत होते. हिनं गाडी थांबवली, पण स्टिअरिंगवरचे हात काही काढेना.

कारण तुम्हाला सांगायला नको. उजनीत आपल्यापैकी किती जणांची घरं गेली! पाणी ओसरून पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की तिची आजी काठावर जाऊन बसायची, पाण्याकडे बोट करून म्हणायची, “आपली चूल तिथं होती.”

“त्या चुलीचा फोटोसुद्धा नाही गं,” एवढंच ती बोलली.

ती आत्ता तिसऱ्या रांगेत बसलीय. कुणाकडे जुन्या गावाचा एखादा फोटो, उतारा, लग्नपत्रिका, काहीही असेल, तर जेवणाआधी तिला भेटा. येताना तिनं स्कॅनर आणलाय.