मिटवून घेणं बंद करा

मंडळी, तलासरी तालुक्यातल्या उधव्याच्या या व्यासपीठावरून आज भांडण काढायचं आहे. ते समलिंगी आणि पारलिंगी लेकरांवर हात उगारणाऱ्या घरांशी आहे, आणि ‘घरातली बाब आहे, मिटवून घ्या’ म्हणत त्या घरांना पाठीशी घालणाऱ्या गावांशीही आहे.

‘ही शहरातली थेरं, तलासरी-डहाणूत असलं काही नाही,’ असं ठासून सांगितलं जातं. पण जे दिसलं की मार बसतो, ते दिसणार कसं? एप्रिल 2023 मध्ये नागरी हक्कांसाठी लढणारी पीयूसीएल संघटना आणि समलिंगी स्त्रिया व पारलिंगी व्यक्तींच्या देशव्यापी गटाने बंद दाराआड जनसुनावणी घेतली. 31 जणांनी आपबीती सांगितली. पुढे त्याचा अहवाल निघाला, ‘अपनों का बहुत लगता है’. मारणारे हात आईबापाचे, भावाचे, नातलगांचे होते. मोबाइल हिसकावणं, खोलीत कोंडणं, ‘बरं करायला’ बुवाकडे किंवा डॉक्टरकडे नेणं, घाईघाईने लग्न उरकणं, आणि पळालं तर पोलिसांकरवी परत आणणं. यातलं काय आपल्या पाड्यांवर घडू शकत नाही, ते सांगा.

कायद्याबद्दलही गैरसमज आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा अधिनियम म्हटला की नवरा-बायकोच डोळ्यापुढे येतात. त्यात रक्ताचं नातंही येतं. बापाने मारलं, भावाने डांबलं, तर मुलगी दाद मागू शकते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द केले, त्यामुळे छळणारी आई किंवा वहिनीही कायद्याच्या कक्षेत आली. मार्च 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी लिंगबदल शस्त्रक्रिया केलेल्या पारलिंगी स्त्रीलाही हे संरक्षण लागू आहे, असा निकाल दिला. शिवाय तक्रारीसाठी मार खाणारीनेच उठून जायला हवं असं नाही. कलम 4 प्रमाणे शेजारीण, मास्तर, आशाताई, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं अभय आहे. हे किती ग्रामसभांमध्ये वाचून दाखवलं गेलं?

मुलग्यांची गत आणखी वाईट. समलिंगी मुलाला 2005 चा कायदा लागूच होत नाही. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली, जुनं 377 कलम पूर्ण गेलं, आणि प्रौढ पुरुषावरच्या बलात्कारासाठी कलमच उरलं नाही. मारहाणीची, डांबून ठेवण्याची कलमं सर्वांसाठी आहेत, पण सख्ख्या बापाविरुद्ध ती लावायला एकटा पोरगा ठाण्याची पायरी चढेल कसा? पारलिंगी व्यक्तींसाठी 2019 मध्ये वेगळा कायदा झाला. त्याने घरातून किंवा गावातून हुसकावण्याला, शारीरिक आणि लैंगिक छळाला शिक्षा ठेवली, ती 6 महिने ते 2 वर्षे. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान 10 वर्षे. एकाच देशात शरीराच्या विटंबनेचे असे दोन भाव लावलेत, याचा संताप यायलाच हवा.

आता तंटामुक्त गाव समित्यांकडे वळू. 2007 पासून ही मोहीम आहे, बांधाची आणि पाण्याची भांडणं तिने मिटवली, त्याबद्दल आदरच आहे. पण घर सोडून गेलेल्या मुलीची ‘समजूत काढून’ तिला मारणाऱ्याच्याच हाती देणं हा तंटा मिटवणं नव्हे. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या: त्या व्यक्तीशी एकांतात बोला, गरज पडल्यास तातडीने पोलीस संरक्षण द्या, समुपदेशनाच्या नावाखाली तिची ओळख किंवा ओढ बदलू पाहू नका. न्यायाधीशाला जे करता येत नाही, ते गावच्या समितीने कुठल्या अधिकारात करावं? ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ‘बदल उपचार’ हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मग भगताला मोकळीक कशाला?

‘आमचा आदिवासी समाज मोकळा,’ हा अभिमान इथे नेहमी ऐकू येतो, आणि त्याला आधारही आहे. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते, बाई लावते. विधी न करता वर्षानुवर्षं संसार करणारी जोडपी इथे कुणाला खटकत नाहीत. एवढी मोकळीक पोटात घेणारा समाज दोन मुलींच्या सोबतीपाशी आला की काठी का उचलतो? याच तालुक्यातल्या झरीला मे 1945 मध्ये वारल्यांनी वेठ नाकारली. लग्नाच्या कर्जापायी जोडप्याने सावकाराकडे जन्मभर राबायचं, ती लग्नगड्याची पद्धतही तेव्हा रीतच म्हणवली जायची. गोदावरी परुळेकरांनी तो लढा लिहून ठेवला आहे. रीत म्हणून सोसलेलं नाकारता येतं, हे या मातीला शिकवायला नको.

साहित्यिकांनीही ऐकावं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 मध्ये रंगमंचावर आलं. त्यातली मित्रा शेवटी जीव देते. त्यानंतर बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्यांनी या विषयावर मराठीत चिकाटीने लिहिलं. तरी साहित्य संमेलनांत हा विषय एखाद्या परिसंवादापुरताच उरतो.

काम इथूनच सुरू होऊ शकतं, नमुना तयार आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि सेहत संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. युक्ती साधी होती. बाई दंडावर वळ घेऊन आली, सासू शेजारी उभी राहून ‘पाय घसरून पडली’ म्हणाली, की नर्सने सासूला बाहेर बसवायचं, बाईला एकटीला विचारायचं, आणि ती सांगेल ते केसपेपरवर लिहायचं. पुढे न्यायालयात तो कागद कामी येतो. तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात हे करायला नवी इमारत लागत नाही. फक्त विचारण्यात भर घालायची: मारणारा नवराच असेल असं धरून चालू नका, आणि पोरग्यालाही तेच विचारा.

राहायचं कुठे, हा खरा पेच आहे. छळ सोसणाऱ्यांसाठी सरकारी सखी केंद्र आहे, पण तेही स्त्रियांसाठी. पारलिंगी व्यक्तींसाठीचं गरिमा गृह मुंबईत. रात्री नेसत्या कपड्यांनिशी निघालेलं पोर उधव्याहून तिथवर पोचेल कसं? म्हणून पहिल्या रात्रीची सोय तालुक्यातच हवी: दोन खोल्या, एक जबाबदार बाई, एक जबाबदार बाप्या, डहाणू रोड स्टेशनपर्यंतच्या गाडीचं भाडं, आणि पत्ता गुप्त.

यासाठीचा ठराव आजच मांडायचा आहे. त्यात तीन गोष्टी असतील: पहिल्या रात्रीची सोय, रुग्णालयात एकांतात विचारपूस, आणि अशा प्रकरणात तडजोड घडवून आणण्यास तंटामुक्त समितीला मनाई. उधव्याच्या येत्या ग्रामसभेत तो विषयपत्रिकेवर जायला हवा. सूचकाने उभं राहावं, अनुमोदकाचं नाव इथेच लिहून घेऊ.