हा कोन बोलून रायला?

आज मी शेंदूरजनाघाटहून बोलतोय, आमच्या संत्र्याच्या बगीच्यात बसून. हेडफोन असतील तर लावा. मागे एक बारीक घुंऽऽ ऐकू येतंय का? ती मोटर आहे. तो आवाज मी मुद्दाम ठेवलाय. का ठेवला, ते सांगतो.

मागच्या वर्षी आम्ही चार पोरांनी मोबाइलवर आठ मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. विषय घरचाच. थ्री फेज लाइन रात्री येते, म्हणून आमचे आबा दोन वाजता उठून ओलित करायला जातात. ते पाणी देता देता जे स्वतःशीच बोलतात, तेच शूट केलं. चित्र झकास आलं. टॉर्चचा उजेड, दांडातून सरकणारं पाणी, सगळं. पण फोन आबांपासून पंधरा फुटांवर आणि मोटर फोनपासून चार फुटांवर! आबांचं बोलणं म्हणजे नुसती पुटपुट.

मग अमरावतीच्या एका मित्राकडून डबिंग करून घेतलं. स्वच्छ आवाज, शुद्ध मराठी. आम्ही खूश. घरी टीव्हीवर लावलं. आजीनं दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "हा कोन बोलून रायला? हा तं बुढ्याचा आवाज नाई!"

आबा काहीच बोलले नाहीत. उठून बाहेर गेले.

खरं सांगतो, त्यानंतर मी सिनेमे आधी कानानं पाहायला लागलो. प्रत्येक सीनला एकच प्रश्न: हा आवाज कुठून येतोय?

व्ही. शांतारामांचा 'कुंकू' पाहा. १९३७ सालचा, प्रभातचा. एका तरुण मुलीचं फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावतात, ती ते मानत नाही. शांता आपटे जबरदस्त आहेत त्यात. आणि या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही! जे ऐकू येतं ते त्या घरातलं. भिंतीवरचं घड्याळ, माणसांची बोलणी, ग्रामोफोन. रडायचं कधी, हे सांगायला व्हायोलिन येत नाही. नवऱ्याचं वय त्या घड्याळाच्या टिकटिकीत ऐकू येतं. बोलपट आपल्याकडे येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. पहिला, म्हणजे १९३१ चा 'आलम आरा', करताना स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री शूटिंग करायचे आणि माइक नटांच्या आसपास लपवायचे. म्हणजे रात्री दोनला कामाला लागणारे आमचे आबा एकटेच नाहीत!

आता 'फँड्री'. जब्याचं घर डुक्कर धरायला धावतंय, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. दिग्दर्शक नागराज मंजुळे कोणाच्याही तोंडी भाषण देत नाहीत. एक आवाज कुंपणापलीकडून येतो आणि या माणसांची जागा कुठे आहे, ते आपल्याला कळतं. हसू येतं आणि घशात अडकतं.

आणि 'सैराट', २०१६. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. झिंगाटला टॉकीजमध्ये पोरं पडद्यासमोर नाचली. त्याच सिनेमाच्या शेवटी ते लेकरू दारात येतं, आईबापाला पाहतं, रडतं, आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. एवढा मोठा ऑर्केस्ट्रा हाताशी असताना माणसानं सगळं बंद केलं. माझ्या मते, अख्ख्या सिनेमातला सगळ्यात मोठा आवाज तोच.

पण तशी शांतता चुकूनही होते बरं का. एडिटिंगमध्ये तुम्ही आवाज कापला की तिथे पोकळी राहते. कानाला वाटतं, फोन बंद पडला. म्हणून शूटिंग झालं की त्याच जागी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि एक मिनिट नुसती जागा रेकॉर्ड करायची. याला रूम टोन म्हणतात. बगीचा असला तरी रूमच! हा तुकडा कापलेल्या जागांखाली अंथरायचा. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून डबिंगचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत होता.

दुसरी गोष्ट अंतराची. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. महागडा माइक नसू द्या, दुसरा फोन आबांच्या बंडीच्या खिशात ठेवा, रेकॉर्डर चालू करून. सुरुवातीला एक टाळी वाजवा. दोन्ही फोनमध्ये ती टाळी जुळवली की ओठ आणि आवाज जुळतात. खिशात कापड घासतं, खरखर येते. फोनला रुमाल गुंडाळा, बरीच कमी होते. मोटर मात्र वेगळी रेकॉर्ड करा. गोष्टीला ती पाहिजेच, पण किती वाजवायची हे आपल्या हातात राहिलं पाहिजे.

आबांना परत विचारायला मला चार महिने लागले. परवा विचारलं. म्हणाले, "मी बोलीन तसंच ठेवशीन का? मंग ये."

सोमवारपासून रात्रीची लाइन आहे. दोन वाजता.