छातींतली कळ आणि दहा गुण

मध्यरात्रीं छातींत कळ आलेला मनुष्य रुग्णालयांत आणला जातो, तेव्हां डॉक्टरापुढें निदानाइतकाच मोठा दुसरा प्रश्न उभा असतो: याचें पुढें काय होणार? छातींतली प्रत्येक कळ हृदयाची नसते. पित्तानें, स्नायूंच्या ताणानें, नुसत्या धास्तीनेंही छाती दुखते. सर्वांनाच ठेवून घ्यावें, तर खाटा पुरत नाहींत. घरीं पाठवावें, तर एखादा वाटेंतच दगावण्याचें भय.

नेदरलंड्समधील डॉक्टरांनीं २००८ सालीं यासाठीं एक साधा हिशेब मांडला. रोग्याची हकीकत, हृदयाचा आलेख म्हणजे कार्डिओग्राम, वय, मधुमेह-धूम्रपानादि धोक्याचीं कारणें आणि रक्तांतील ट्रोपोनिन, अशा पांच गोष्टी पाहावयाच्या. ट्रोपोनिन हें हृदयाच्या स्नायूंतील प्रथिन. स्नायूस इजा झाली कीं तें रक्तांत उतरतें. या पांचांच्या इंग्रजी आद्याक्षरांनीं ‘हार्ट’ शब्द बनतो, म्हणून हिशेबाचें नांवही तेंच. प्रत्येक बाबीस शून्य, एक किंवा दोन गुण. वय ४५ च्या आंत असल्यास शून्य, ६५ वा अधिक असल्यास दोन. शाळेंत गुण वाढले कीं पेढे वाटतात. येथें मात्र उलटा प्रकार! ३ पर्यंत धोका अल्प, ७ पासून पुढें मोठा.

त्याच देशांतील १० रुग्णालयांतल्या २,४४० रोग्यांवर हा हिशेब पडताळला गेला व निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांच्या आंत हृदयविकाराचा झटका, मृत्यु किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीवर उपचार करण्याची पाळी, यांपैकीं कांहींतरी अल्प गुणांच्या गटांत शेंकडा १.७ रोग्यांस भोगावें लागलें; मधल्या गटांत १६.६, वरच्या गटांत ५०.१, म्हणजे दोघांत एकास.

हा १.७ आंकडा लहान खरा, पण शून्य नव्हे. हकीकतीचे गुण तर ऐकणाऱ्याच्या जाणतेपणावर अवलंबून. कित्येक मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांना कळ येतच नाहीं. दम लागतो, घाम फुटतो, इतकेंच. शिवाय ट्रोपोनिन रक्तांत वाढण्यास कांहीं तास लागतात; फार लौकर आलेल्या रोग्याचें रक्त निर्दोष भासतें. म्हणून अल्प गुणांच्या रोग्यासही अनेक ठिकाणीं थांबवून कांहीं तासांनीं पुन्हां रक्त तपासतात. तेंही निर्दोष निघाल्यावर त्याला घरीं जाऊं देतात, आणि पुन्हां कळ आल्यास क्षणभरही न दवडतां परत यावें, असें त्याच्या घरच्या मंडळींना बजावतात.